हथखोजचा फणस

दादासाठी मुली पाहायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा चांगल्या फोटोची गरज पडली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मिलिंद. तो हथखोजच्या एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर होता. स्टुडिओत काढलेला त्याचा एक फोटो होता, पण त्यात मागच्या पडद्यावर धबधबा रंगवलेला होता आणि दादा त्याच्यापुढे असा अंग चोरून उभा होता, की पाणी खरंच त्याच्यावर उडत असावं. बाबा म्हणाले, पोरगा कमावता आहे हे दिसलं पाहिजे, मशीनजवळ उभा करून मीच काढतो. त्यांच्या खात्यातला एक मल्याळी दोस्त निवृत्त होऊन गावी जाताना आपला जुना कॅमेरा त्यांना देऊन गेला होता. त्यात जयंतीला भरलेला रोल होता. मिरवणूक, निळे झेंडे, लेझीम खेळणाऱ्या बायका आणि भाषण करणाऱ्या पाहुण्यांचे अर्धे अर्धे चेहरे काढून झाल्यावर तीन फोटो उरले होते.

आम्ही भिलाईच्या एका सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे आंगण आणि आंगणात पेरूचं झाड. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. स्टील प्लांटमध्ये लागले आणि इथलेच झाले. छत्तीसगढ राज्य नवंनवंच झालं होतं, पण आमच्या घराला त्यानं काही फरक पडला नाही. घरात मराठी, ओटा उतरलं की हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, हे आधीही तसंच होतं. दिवस प्लांटच्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आई उठायची, शेगडी पेटायची, आणि दुसरा भोंगा होईस्तोवर बाबांचा डबा तयार असायचा: भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि कागदाच्या पुडीत मिरचीचा ठेचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबूस धूळ बसायची. ती झटकताना आई रोज प्लांटला शिव्या घालायची आणि ज्या महिन्यात बोनस मिळायचा त्या महिन्यात जरा कमी घालायची.

बाबांचं काम भट्टीवरची तापमानाची यंत्रं सांभाळायचं. काट्यांकडे पाहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण चुकीचा आकडा लिहिला तर पुढे काय होऊ शकतं हे प्लांटमधल्या सगळ्यांना माहीत होतं. पंचवीस वर्षांत बाबांचा आकडा कुणी पुन्हा मोजून पाहिला नव्हता. "मेश्राम ने लिखा है ना? फिर ठीक है," असं त्यांचे साहेब म्हणायचे, आणि हे वाक्य बाबा घरी येऊन आईला मुद्दाम हिंदीतच ऐकवायचे. मला त्यांचा हा खरेपणा कधीकधी जाचायचा. कुणी "कशी झाली भाजी?" असं विचारलं तर ते खरंच सांगायचे.

तर त्या रविवारी बाबा पहाटेच स्कूटर काढून हथखोजला गेले. दादाची पाळी सुटायला वेळ होता, म्हणून ते कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात फिरत राहिले. तिथे तेव्हा पळसाची झुडपं होती आणि माणसाच्या कमरेएवढी वारुळं. दोन तासांनी ते परत आले तेव्हा आई चीला घालत होती. तांदळाच्या पिठाचा तो चीला ती शेजारच्या साहू काकूंकडून शिकली होती, आणि आता साहू काकूच तो खायला आमच्याकडे यायच्या.

"काढला का फोटो?" आईनं विचारलं.

"काढला," बाबा म्हणाले. "पन मिलिंदचा नाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वारुळाजवळून एक जनावर चालत येत होतं, मागच्या दोन पायांवर. अंगावर नखाएवढे, रुपयाएवढे खवले, मानेपासून शेपटीपर्यंत कौलांसारखे एकावर एक. बाबांनी कॅमेरा काढून घाईघाईत बटण दाबलं. तेवढ्यात जनावराला चाहूल लागली, त्यानं तोंड पोटात घातलं आणि शेपटी गुंडाळून घेतली. तीनही फोटो संपले. दादा बाहेर आला तेव्हा अंगावर ऑइल आणि केसाला कंगवा मारलेला, असा फोटोसाठी सजून आला होता.

"खवल्या मांजर म्हनते त्याले," बाबा म्हणाले. "लहानपनी आज्यानं सांगतलं होतं. पायलं मात्र आज."

आईनं चीला उलटला. "पोराचं लग्न ऱ्हायलं बाजूले आन मांजराचे फोटो काढून आले," ती म्हणाली. पण तिनं त्यांच्या ताटात एक चीला जास्त वाढला, कारण बाबा इतके खूश तिनं बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

चार दिवसांनी फोटो धुऊन आले. पहिल्यात बाबांचा अंगठा होता. दुसऱ्यात पळसाचा शेंडा आणि भरपूर आभाळ. तिसऱ्यात वारूळ होतं, वारुळाशेजारी गवत होतं, आणि गवतात एक गोल, काटेरी दिसणारा, किंचित हललेला, तपकिरी गोळा होता. आम्ही चौघंही त्यावर वाकलो.

"मले तं फनस दिसते," शेवटी आई म्हणाली.

आता मी हे लिहिताना हसते आहे, पण तेव्हा बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. आजकाल माझी भाचरं मला रोज फोनवर काहीतरी दाखवतात. चहा पिणारा बिबट्या, हत्तीच्या पाठीवर झोपलेला वाघ, तीन तोंडांचा नाग. "आत्या, असली है क्या?" असं विचारतात, आणि मी चष्मा वर करून सावली कुठे पडली आहे, पंजे किती आहेत ते पाहते आणि बहुतेक वेळा मान हलवते. यंत्रानं बनवलेले ते वाघ-हत्ती इतके सुबक असतात की पाहताक्षणी खोटे वाटतात. बाबांचा फोटो अगदी उलटा होता. तो सोळा आणे खरा होता आणि त्यात खरं वाटावं असं काहीही नव्हतं.

आईनं बंद दाराआड जे म्हटलं ते पटले काकांनी अख्ख्या सेक्टरमध्ये म्हटलं. पटले काका गोंदियाकडचे, बाबांच्याच पाळीत, आमच्या पाठीमागच्या क्वार्टरमध्ये राहणारे. दोघांची वीस वर्षांची दोस्ती. माणूस मनाचा चांगला, पण हाती लागलेली गंमत सोडणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी फोटो उभा धरला, आडवा धरला, उन्हात नेला.

"मेश्राम, सांगू का गा? फनस आहे थो. माह्या आंगनातला."

"फनस चालत नसते, पटले."

"फोटोत कोठी चालून राहिला?"

दुसऱ्या दिवशी पाळीच्या बसमध्ये बाबा चढले तर मागून कुणीतरी फणसाचं हिंदीत कटहल करून म्हणालं, "सरको भाई, कटहल वालों को जगह दो." पानठेल्यावर चर्चा झाली. एकजण म्हणाला नारळाची करवंटी आहे, दुसरा म्हणाला गोवऱ्यांचा ढीग आहे, तिसऱ्याचं म्हणणं होतं की मेश्रामजींनी घरच्या पायपुसण्याचा फोटो काढला आहे. साहू काकूंनी मात्र अगदी मनापासून आईला विचारलं, की भाईसाहबांची झोप नीट होते ना. बाबा प्रत्येकाला तेच सांगत राहिले, त्याच शब्दांत, न चिडता. लोकांना त्याचंच जास्त हसू यायचं.

इथवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि डबा न धुता तसाच ओट्यावर ठेवून बसून राहिले. आईनं दोनदा विचारल्यावर बोलले. खात्यात नव्या आलेल्या एका तरुण इंजिनिअरनं त्यांचा आकडा वाचून हसत हसत म्हटलं होतं, "मेश्रामजी, ये रीडिंग है या ये भी कटहल है?" आणि खरोखरच दुसऱ्या माणसाला पाठवून तापमान पुन्हा मोजायला लावलं होतं. आकडा बरोबरच निघाला. पण मोजलं गेलं होतं.

मी तेव्हा अकरावीत होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. त्या रात्री मी ठरवलं की हे आपण निस्तरायचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी निगेटिव्ह घेऊन मार्केटमधल्या स्टुडिओत गेले. आईनं सॅंडलसाठी दिलेले पैसे होते, त्यातून भला मोठा फोटो करायला दिला. मोठा केल्यावर खवल्यांच्या कडा दिसत होत्या. नीट पाहिलं तर शेपटीचं टोकही दिसत होतं. मी स्टुडिओवाल्याच्या मागे लागून तो काचेच्या शोकेसमध्ये, नवरानवरीच्या फोटोंच्या मधोमध लावून घेतला आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: दुर्लभ वन्यजीव, हथखोज, छायाचित्रकार श्री. मेश्राम. वर आमचा सेक्टर आणि क्वार्टर नंबरसुद्धा लिहिला, म्हणजे कुणाला अभिनंदन करायचं असेल तर सोय. बाबांना मी मुद्दामच काही सांगितलं नाही. त्यांना एकदम कळावं असं मला वाटत होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी आमच्या फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. चाळिशीचा, सफारीतला, अतिशय गोड बोलणारा माणूस. मी कुम्हारीहून आलो, म्हणाला. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते आणि पटले काका बाजूच्या बाजेवर बसून चहा पीत होते. माणसानं बाबांना हात जोडले.

"वो स्टुडिओ वाला फोटो आप ही ने खींचा है?"

बाबांना काही कळेना. मी दारातून पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. मोठा केलेला फोटो, शोकेस, चिठ्ठी. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. पटले काका म्हणाले, "अरे बाप्पा, फनस मार्केटात गेला!"

पण तो माणूस हसला नाही. "कटहल?" तो म्हणाला. "हम तो देखते ही पहचान गए." आणि मग त्यानं त्या जनावराचं वर्णन केलं. खवले कसे, जीभ कशी हातभर लांब, मुंग्या कशा खातं, पुढचे पंजे छातीशी धरून मागच्या पायांवर कसं चालतं, घाबरलं की कसं गोळा होतं. बाबांनी सांगितलेलं एकेक अक्षर. पटले काकांचा कप ओठांपाशी थांबला आणि तिथेच राहिला. मला तर नाचावंसं वाटत होतं. एवढ्या मोठ्या भिलाईत पहिल्यांदा एका माणसानं माझ्या वडिलांना खरं म्हटलं होतं.

"बस, जगह बता दीजिए," माणूस म्हणाला.

"कायले?" बाबांच्या तोंडून मराठीच निघालं. मग त्यांनी विचारलं, "जगह किसलिए?"

त्यानं उजवा हात पुढे केला. बोटात भुरकट रंगाची, शिंगासारखी दिसणारी, लोक मूळव्याधीवर घालतात तसली अंगठी होती. "इसी के छिलके की है. बड़े काम की चीज़ है, बवासीर में तो पूछिए मत. बाहर तक माँग है. ज़िंदा मिल जाए तो और बढ़िया." तो थोडा पुढे वाकला. "आप जो बोलेंगे, हम देंगे."

हे शेवटचं माझ्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी अजून आनंदातच होते. "अंकल, बाबा को सब मालूम है," मी म्हणाले, "भैया की फैक्ट्री के एकदम पीछे—"

"सुजाता!"

बाबा माझ्यावर कधी ओरडायचे नाहीत. तेव्हाही ओरडले नाहीत, पण माझं पूर्ण नाव त्यांनी अशा आवाजात घेतलं की मी थबकले. "पानी आन पाहुन्याले," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. आई माठाजवळ उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्या हातात गडवा दिला आणि माझं मनगट तसंच धरून ठेवलं. बाहेरून बाबांचा आवाज आला.

"भाईसाहब, वो कटहल है."

मग तो माणूस म्हणाला, "मज़ाक मत कीजिए. मुझे पूँछ तक दिख रही है."

"कटहल है," बाबा पुन्हा म्हणाले. आणि थांबले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. पहिलं वाक्य त्यांनी कसंबसं उचलून ठेवलं, पण त्याला जोडून दुसरं हवं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी गडवा घेऊन दाराशी आले तर बाबांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. आणखी दोन क्षण गेले असते तर सगळं उघडं पडलं असतं.

तेव्हा पटले काकांनी कप खाली ठेवला आणि मांडीवर जोरात थाप मारली.

"अरे साहब, मेरे ही पेड़ का कटहल है! चलिए, पेड़ दिखाता हूँ. हम दोनों ने मिलके बनाया. वो जो पूँछ दिख रही है ना आपको? सूखी हुई तोरई है! मेरी मिसेज़ ने बर्तन घिसने के लिए रखी थी, उसके लिए मार खाते-खाते बचा हूँ." आणि दोडक्याची शेपटी करून ते असे खदखदून हसले की रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वळून पाहिलं. "आपको विश्वास नहीं? किसी से भी पूछ लो. पूरा सेक्टर जानता है."

त्या माणसानं खरंच विचारलं. आमच्या ओट्यावरून पानठेला दिसायचा. तो तिथे थांबला, काही बोलला, आणि ठेल्यावरची चार माणसं एकदम हसायला लागली. त्यातल्या एकानं आमच्या घराकडे बोट करून हातांनी हवेत मोठा फणस काढून दाखवला. माणसानं एकदा मागे वळून पाहिलं, मोटरसायकलला किक मारली आणि तो गेला. ज्या हसण्याला मी महिनाभर शिव्या घालत होते, त्यानंच त्या दिवशी जनावर वाचवलं. हे मला कळायला दोन दिवस लागले. बाबांना तिथल्या तिथे कळलं असावं.

पटले काका उठले, चपला घातल्या आणि घरी निघून गेले. कप अर्धा भरलेला होता.

बाबा मला रागावले नाहीत. त्यांनी स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि स्टुडिओतून तो मोठा फोटो आणि निगेटिव्ह घेऊन आले. "मज़ाक था," त्यांनी स्टुडिओवाल्याला सांगितलं, आणि या वेळी ते थोडं बरं जमलं. घरी येऊन आंगणात शेगडीवर त्यांनी दोन्ही फोटो आणि निगेटिव्ह जाळून टाकलं. निगेटिव्ह जळताना फार घाण वास येतो. त्यामुळे आज माझ्याकडे कसलाही पुरावा नाही, आणि वाचणाऱ्यानं यावर विश्वास ठेवावाच असा माझा आग्रह नाही. त्या तरुण इंजिनिअरनं आणखी दोनदा आकडे मोजून घेतले, ते बरोबर निघाले, मग त्यालाच कंटाळा आला. दादाचं लग्न धबधब्याच्याच फोटोवर जमलं. बसमध्ये मात्र बाबा निवृत्त होईपर्यंत कटहलवालेच राहिले. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करणाऱ्या साहेबांनीसुद्धा तो किस्सा सांगितला, बाबा सगळ्यांबरोबर हसले, आणि मी टाळ्या वाजवल्या.

पण त्या शनिवारी संध्याकाळी ते हसण्याच्या स्थितीत नव्हते. आमच्या घरी दिवेलागणीला वंदना व्हायची. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बाबा पुढे बसायचे, आम्ही मागे, आणि ते एकेक शील म्हणत तसं आम्ही म्हणायचो. जिवाची हिंसा न करण्याचं पहिलं शील त्यांनी म्हटलं. दुसरं, तिसरं म्हटलं. खोटं न बोलण्याच्या चौथ्याशी आले आणि थांबले. आम्हाला वाटलं ठसका लागला. मेणबत्ती तडतडत होती, लांब प्लांटमध्ये कुठेतरी लोखंड आपटल्याचा आवाज झाला. मग आईनं मागून, अगदी रोजच्या आवाजात, ते शील म्हटलं. बाबांनी ते तिच्यामागून म्हटलं, आणि पाचवं पुन्हा त्यांनीच पुढे होऊन म्हटलं. मी रडत होते. आईनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "कावून रडतं? तुह्या बापानं चांगलंच केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पटले काका मागच्या आंगणातून आले. ते नेहमी पुढून, हाका मारत यायचे. बाबा पेरूला पाणी घालत होते. काका दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून आत आले आणि टाकीच्या कठड्यावर बसले. बराच वेळ त्यांनी आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिलं.

"खरंच होतं ना गा थे?" त्यांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"मी महिनाभर तुले खोटं पाडून राहिलो."

"बरं केलं ना. नाई तं काल कोनं वाचवलं असतं त्याले?"

काकांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. मग ते जरा पुढे सरकले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी पन्नाशीच्या माणसाचा तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

"चालत कसं होतं?"

बाबांनी बादली खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. मग लुंगी वर खोचली, पाठीत वाकले, दोन्ही हातांचे पंजे छातीशी धरले आणि मान पुढे काढून, हलक्या झुलत्या पावलांनी पेरूपासून नळापर्यंत चालत गेले. नळापाशी थांबले, जमीन हुंगल्यासारखं केलं आणि वळले. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

पटले काका हसले नाहीत.

"पुन्हा एकदा चाल," ते म्हणाले.